तंबोऱ्याचे कूळ आणि कारागिराचे नाव

मिरजेत ‘सतारमेकर’ असे आडनाव आहे. त्यातली सतार फारसीतून आलेली, मेकर इंग्रजीतून उचललेला, आणि आडनाव लावणारा माणूस बोलतो ती कानडी हेलाची मिरजेकडची मराठी. यातल्या अनेक कुटुंबांचे आधीचे आडनाव शिकलगार. त्याची कथाही अशीच. अरबीत ‘सैकल’ म्हणजे धातूला आणलेली झळाळी; तिला फारसी ‘गर’ जोडला की सैकलगर, म्हणजे शस्त्रे घासून पाजळणारा. मराठी तोंडात बसता बसता त्याचा शिकलगार झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींना गिऱ्हाईक उरले नव्हते. पेशवाई बुडाली होती, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या राहिल्या होत्या. मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात मात्र उत्तरेकडून गवई येत, त्यांच्याबरोबर तंबोरे येत, आणि रेल्वे नसलेल्या त्या काळात एवढ्या प्रवासानंतर भोपळा धड राहील याची हमी कुणालाच नसे. 1850च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे अशी तडकलेली वाद्ये दुरुस्तीला येऊ लागली आणि दुरुस्त करता करता त्यांनी नवी घडवायला घेतली, असा मिरजेतल्या वाद्यनिर्मितीचा आरंभ सांगितला जातो. मराठीत हाडवैराला विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात. मिरजेत विळ्याला धार लावणाऱ्यानेच भोपळा मांडीवर घेतला आणि ते सख्य पिढ्यानपिढ्या टिकवले.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन वाद्यांची नोंद स्वतंत्रपणे झाली हे बरेच झाले, कारण मिरजेची खरी ख्याती तंबोऱ्याची. किराणा, ग्वाल्हेर, जयपूर, कुठल्याही घराण्याचा गायक असो, त्याच्या मागचे तंबोरे बहुधा मिरजेचे असतात.

तरीही तंबोऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो कुळाचा. एक पक्ष म्हणतो, हे तुंबरू गंधर्वाचे वाद्य, म्हणून तंबोरा. दुसरा म्हणतो, छे, शब्द फारसी, तेव्हा वाद्यही बाहेरून आलेले. व्याख्यानमालेपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत हे दोन पक्ष आपापले तुणतुणे वाजवत असतात. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे म्हणणाऱ्या समाजाने वाद्याच्या कुळावर मात्र एवढा जीव टाकावा, हे गमतीचे आहे. दोन्ही पक्षांची गफलत एकाच जागी होते. शब्दाचा जन्मदाखला म्हणजे वस्तूचा जन्मदाखला, असे दोघेही धरून चालतात.

शब्दाची वाट आधी पाहू, कारण ती खरोखरच लांबवरून आलेली आहे.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भूमीवर, इसवी सनापूर्वी 2300च्या आसपासच्या अक्कदी मुद्रांवर लांब दांडीचे तंतुवाद्य वाजवणारा माणूस कोरलेला आहे. लहानसा तुंबा, त्यातून निघालेली काठीसारखी दांडी, एका हाताने तार दाबायची, दुसऱ्याने छेडायची. या जातीच्या वाद्याला ग्रीक लोक ‘पांडूरा’ म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक कोशकार पोलक्स लिहून ठेवतो की तीन तारांच्या वाद्याला पांडूरा हे नाव असीरियन लोकांनी दिले आणि वाद्य शोधलेही त्यांनीच. काही अभ्यासक याच्याही मागे जाऊन सुमेरी भाषेतल्या ‘पान-तुर’, म्हणजे लहान धनुष्य, या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. हा धागा कच्चा आहे, पण पांडूरा आणि फारसी-अरबीतला ‘तंबूर’ ही एका घरातली भावंडे असावीत याबद्दल कोशकारांत फारसा वाद नाही.

दहाव्या शतकात अल-फाराबीने संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात बगदादी तंबूर आणि खुरासानी तंबूर अशी दोन वाद्ये वेगवेगळी वर्णिली आहेत. दोहोंच्या पडद्यांची मांडणी निराळी, म्हणजे निघणारे स्वरही निराळे. एका नावाची दोन वाद्ये हजार वर्षांपूर्वीच होती, ही बाब पुढच्या सगळ्या भांडणाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिथून हे नाव चहूकडे पांगले. तुर्कस्तानात ‘तांबूर’, बाल्कन देशांत ‘तांबुरा’ आणि धाकटी ‘तांबुरित्सा’, कुर्दांमध्ये आणि हेरातकडे ‘तंबूर’, उइगुरांकडे ‘तेंबूर’. पांडूराच्या शाखेतून युक्रेनचा ‘बांदुरा’, स्पेनची ‘बांदुरिया’ आणि इटलीचा ‘मँडोला’ निघाले. ‘मँडोलिन’ म्हणजे लहान मँडोला. हिंदी चित्रपटसंगीतात मँडोलिन वाजले की तंबोऱ्याचा दूरचा चुलतभाऊ बोलत असतो म्हणायला हरकत नाही. फ्रेंचांनी तर कहर केला. त्यांच्याकडे ‘तांबूर’ म्हणजे ढोल! मूळ शब्द बहुधा ढोलाच्या फारसी नावाचा, पण त्याच्या रूपावर अरबी तंतुवाद्याच्या नावाची छाप पडली, असे कोशकार सांगतात.

हिंदुस्थानात तंबूर दरबारी वादकांबरोबर आला. अकबराच्या दरबारातल्या कलावंतांची यादी अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त दिली आहे. तीत मियाँ तानसेन पहिला. खाली उतरत गेले की हेरातचे उस्ताद यूसुफ भेटतात, आणि त्यांच्या नावापुढे वाद्य लिहिले आहे तंबूर. असे आणखीही तंबूरवादक तिथे आहेत. ही माणसे कुणाच्या मागे बसून षड्ज-पंचम छेडत नव्हती. ती वादक होती. तंबुरावर पडदे होते आणि त्यावर धून वाजे.

आता आजचा तंबोरा डोळ्यांपुढे आणावा. त्याला पडदे नाहीत. त्यावर धून वाजत नाही. डाव्या हाताला काम नाही. उजव्या हाताची दोन बोटे चार तारा एकामागून एक छेडतात, तासन् तास, तालाशी संबंध न ठेवता. हेरातच्या उस्तादांना हे वाद्य दाखवले असते तर त्यांनी आधी विचारले असते, याचे पडदे कुठे पडले?

सतराव्या शतकातल्या अहोबल पंडितांच्या ‘संगीत पारिजात’ या संस्कृत ग्रंथात या संक्रमणाची खूण सापडते. त्यांनी तंबुऱ्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: निबद्ध आणि अनिबद्ध. निबद्ध म्हणजे पडदे बांधलेला, अनिबद्ध म्हणजे मोकळा. पडद्यांचे वाद्य वादकाकडे राहिले आणि पुढे सतारीच्या वाटेला लागले. बिनपडद्यांचे गायकाच्या खांद्याला टेकले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चित्रांतही गाणाऱ्याच्या खांद्यावर उभी धरलेली लांब दांडी दिसू लागते. त्याच्या मागच्या काळात जावे तर चित्र वेगळे आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शारंगदेवाने तेराव्या शतकात ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, ग्रंथ घडला आपल्या दौलताबादेत. एकतंत्री, नकुल, त्रितंत्रिका, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी अशा वीणांची त्याने रांग लावली आहे. तंबोरा त्या रांगेत नाही.

म्हणून तुंबरूची कथा गोड असली तरी इतिहास म्हणून ती टिकत नाही. तुंबरू महाभारतातला, नारदाचा जोडीदार, शिल्पात कधी घोड्याच्या तोंडाचा, हातात वीणा घेतलेला. एवढ्या जुन्या गंधर्वाच्या नावाचे वाद्य यादवांच्या राज्यातल्या सर्वांत चौकस संगीतशास्त्र्याला ठाऊक नसावे, हे पटणारे नाही. घडले असेल ते उलट दिशेने. तंबूर हा परका शब्द कानावर आला, संस्कृत पंडिताला त्यात तुंबरू ऐकू आला, भोपळ्याला ‘तुंबा’ म्हणणाऱ्याला त्यात तुंबा दिसला, आणि शब्द घरचा झाला. पुढे उत्तरेत ‘तानपुरा’ हे रूप रूढ झाले, तेही याच रीतीने. तान पुरी करणारा तो तानपुरा, असा अर्थ लोकांनी त्यात वाचला आणि अर्थाला शोभेल असे शब्दाला वळवले. परकी माणसे गावात स्थायिक झाली की दोन पिढ्यांत त्यांना गावाचे गोत्र मिळते, तसेच हे. यात लबाडी काही नाही. पण त्या गोत्रावरून पूर्वजांचा पत्ता शोधायला निघू नये.

दुसऱ्या पक्षाची अडचण याहून मोठी आहे. शब्द बाहेरचा म्हणून वाद्य बाहेरचे, हे म्हणणे वीणेपाशीच अडखळते. ‘वीणा’ हा शब्द वैदिक काळापासून आपल्याकडे आहे, पण प्राचीन भारतात बराच काळ वीणा म्हणजे धनुष्यासारखे वाकलेले, तारा मोकळ्या ताणलेले वाद्य होते. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांत ते दिसते. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवत बसला आहे, तीही धनुष्याकार. त्या घाटाचे वाद्य आज वाजते ते ब्रह्मदेशात, ‘साउंग’ या नावाने. आपल्याकडे ते वाद्य गेले, नाव मागे राहिले, आणि मग दांडीच्या, पडद्यांच्या, दोन भोपळ्यांच्या सगळ्या नव्या वाद्यांना वाटत फिरले.

महाराष्ट्राला याचा दाखला हवा तर आषाढात रस्त्यावर उभे राहावे. दिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात असते तिला सगळे वीणा म्हणतात. सप्ताहात ती खाली ठेवायची नसते. विणेकरी पाळीपाळीने रात्रंदिवस ती अंगावर बाळगतात. घडणीने पाहिले तर हा छोटा तंबोराच: एक भोपळा, दांडी, चार तारा, पडदे नाहीत, काम आधारस्वर देण्याचे. पुण्याच्या सभागृहात फारसी नावाने ओळखले जाणारे वाद्य पंढरीच्या वाटेवर वैदिक नावाने ओळखले जाते, आणि वारकऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. कुळाचा वाद घालणाऱ्यांपेक्षा त्याला वाद्याचा उपयोग अधिक कळला आहे, असे म्हणावेसे वाटते.

सतारीचा वाद याच वळणाने जातो, फक्त तिथे शोधकर्त्याचे नावही ठरून गेले आहे. ‘सेहतार’ म्हणजे तीन तारा. इराणात दोतार आहे, सेतार आहे. गंमत अशी की इराणच्या आजच्या सेतारला चार तारा असतात आणि आपल्या सतारीला तरफांसह अठरा ते वीस. नावातला आकडा दोन्हीकडे केव्हाच खोटा पडला. तरी तेराव्या शतकातल्या अमीर खुसरोने सतार शोधली, हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून, निवेदनांतून, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतून हलत नाही. खुसरोने आपल्या लेखनात कितीतरी वाद्यांची नावे घेतली आहेत. सतार त्यांत नाही. हे श्रेय छापील ग्रंथात ठळकपणे दिसते ते 1834 मध्ये, कॅप्टन विलर्ड या अधिकाऱ्याच्या हिंदुस्थानी संगीतावरील पुस्तकात, म्हणजे खुसरोच्या मृत्यूनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. सतारीचा समकालीन उल्लेख मिळतो तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या दिल्लीत. दर्गाह कुली खानाच्या दिल्लीवर्णनात सतारवादन येते, आणि ते येते ख्यालरचनाकार नेमत खाँ म्हणजे सदारंग यांच्या गोतावळ्यात. त्याच घरात खुसरो खाँ नावाचा वादक होता. एका खुसरोचे श्रेय दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध खुसरोच्या खात्यावर जमा झाले, असा सतारीच्या इतिहासकार अ‍ॅलिन मायनर यांचा निष्कर्ष आहे आणि उपलब्ध पुराव्यांत तोच सर्वांत बसणारा आहे.

याला उत्तर म्हणून त्रितंत्री वीणेचा पक्ष उभा राहिला. पंधराव्या शतकात विजयनगरच्या कल्लिनाथाने ‘रत्नाकरा’वर टीका लिहिली, त्रितंत्रिकेलाच लोक ‘जंत्र’ म्हणतात, असे तो सांगतो. जंत्र म्हणतात, सतार नव्हे! या एका नोंदीवरून सतारीची वंशावळ संस्कृतात नेऊन पोहोचवणे म्हणजे आडनाव सारखे म्हणून सातबारावर हक्क सांगण्याचा प्रकार झाला.

संतूरला शततंत्री वीणेचे वंशज म्हणण्याची पद्धतही अशीच लोकप्रिय आहे. शब्द म्हणून पाहिले तर संतूर ग्रीक ‘साल्तेरियोन’पासून अरमाईकमधून वळत आलेला आहे. आणि गिटारमधला ‘टार’ हा फारसी तार नव्हे. ते नाव ग्रीक ‘किथारा’चे, अरबी आणि स्पॅनिश वाटेने आलेले. सतार आणि गिटार यांचे यमक जुळते, नाते जुळत नाही.

मग तंबोऱ्यात इथले काय आहे? पुष्कळ आहे, पण ते नावात नाही. ते घोडीवर आहे.

तंबोऱ्याची घोडी इतर बहुतेक तंतुवाद्यांच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. तार तिच्यावरून जाताना टेकत-सुटत कंप पावते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार अचानक उघडते. ही जवारी. ती लागली की चार तारांतून चारच स्वर येत नाहीत. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, चौथी खर्जाची. गंधाराला एकही तार लावलेली नाही, तरी कान दिला की खर्जातून गंधार वर येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

यामागचे कोडे सी. व्ही. रामन यांना खुणावत होते. तार ज्या बिंदूपाशी छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराची कंपने शून्य असतात, तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो नियम सरळ मोडतात. 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या छोट्या निबंधात रामन यांनी हे दाखवले आणि कारण बोटाने दाखवावे तसे सांगितले: वक्र घोडी. प्रकाशावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले ते पुढे 1930 मध्ये. जवारी काढणाऱ्या कारागिराने नियम वाचला नव्हता. कानसीने हाड घासत, तार चढवत, ऐकत, पुन्हा उतरवत त्याला हे जमले होते.

हेच ते ठिकाण, जिथे कुळाचा वाद निरर्थक ठरतो. हेरातचा तंबूर, देवगिरीच्या वीणांमागची जुनी स्वरबुद्धी, दिल्लीच्या दरबाराची गायकी हे सगळे एकत्र आले असेल. पण त्यातून तंबोरा झाला तो शेकडो अनाम हातांनी घोडी घासल्यावर. शब्द कुठूनही आला असो, ज्याला आपण तंबोरा म्हणून ओळखतो तो नाद इथे घडला. आणि घडवणारे बहुसंख्य कारागीर, त्याच फारसी-अरबी आडनावांचे, इथल्याच मातीतले मराठी मुसलमान आहेत. या एका गोष्टीपुढे दोन्ही पक्षांना थोडे गप्प बसावे लागते.

मातीतले हे तर शब्दशः खरे. तंबोऱ्याचा कडू भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातला. हा खायचा नव्हे. मोठ्या घेराचा, जाड सालीचा. तो पूर्ण वाळला की मिरजेत येतो. कारागीर त्याला भिजवून कापतात, आतला गर आणि बिया खरवडतात, मग पुन्हा सुकवतात. दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची. हे लाकूड बरेचसे कर्नाटकातून येते. दांडी पोकळ कोरायची, भोपळ्याला सांधायची, खुंट्या बसवायच्या, नक्षी करायची, चपड्याचे पॉलिश द्यायचे. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे, आता उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम. प्रत्येक टप्प्याचा हात वेगळा असू शकतो, पण शेवटची जवारी ज्या हाताची, त्याचा तंबोरा. जाणता गवई ऐकून ओळखतो.

अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले. तिथे उरुसात आजही संगीतसभा भरते. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करीत, जवारी काढीत. किराण्याच्या गायकीत तंबोऱ्याच्या सुरेलपणाचा जो आग्रह आहे तो हातात हत्यार धरलेल्या माणसाचा आग्रह आहे.

असे असूनही आपल्या मैफलीत काय घडते? निवेदक गायकाचे नाव घेतो, गुरूंची परंपरा सांगतो, तबला, संवादिनी, आणि शेवटी तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावे. तंबोरा कुणी घडवला हे कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. व्हायोलिनच्या जगात अंतोनिओ स्त्रादिवारीच्या नावाचे वलय 1737 मध्ये तो गेल्यानंतरही वाढतच राहिले, कारण वाद्याच्या पोटात नावाची चिठ्ठी चिकटवण्याची रीत होती आणि वादक ते नाव अभिमानाने सांगत. आपल्याकडे हे जमत नाही असे नाही. कोलकात्याचे हिरेन रॉय, दिल्लीचे रिखी राम ही नावे सतारवादकांच्या तोंडी सहज येतात. रविशंकरांची सतार घडवणारे नोदू मल्लिक तर त्यांच्या मैफलींत आणि ध्वनिमुद्रणांत तंबोऱ्यावर बसत आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर छापले जाई. मिरजेच्या बाबतीत मात्र श्रोत्यांच्या डोक्यात गाव आहे, माणूस नाही.

मानांकनाने हे आपोआप बदलणार नाही. 1999च्या कायद्यानुसार मानांकन संरक्षण देते ते गावाशी जोडलेल्या नावाला, आणि ती नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. त्या नावाखाली विकण्याचा कायदेशीर अधिकार वापरायचा तर कारागिराने स्वतःला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळे नोंदवून घ्यावे लागते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळाले. तरी 2025 मध्ये मिलानच्या मंचावर तसल्याच चपला प्राडाच्या नावाने चालल्या आणि इकडे गदारोळ झाल्यावर कंपनीने मूळ कुठले ते मान्य केले. नोंद कागदावर असून भागत नाही, ती बाजारात ओळखू यावी लागते. तंबोऱ्याच्या बाबतीत धोका मिलानचा नसून घरचाच आहे: दुसरीकडे घाईने जोडलेले वाद्य मिरजेचे म्हणून विकले जाणे.

आणि नाव तर आता आणखी पुढे सरकले आहे. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला. डब्याएवढ्या पेटीला लोक तंबोरा म्हणू लागले. आता मोबाइलमधल्या अ‍ॅपलाही तेच नाव. तार नाही, भोपळा नाही, घोडी नाही. अल-फाराबी ते अबुल फजल सगळ्यांचा तंबूर आता काचेवर बोट ठेवले की सुरू होतो. यात रडण्यासारखे काही नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत किंवा न्यू जर्सीतल्या तळघरात रियाज करणाऱ्याला ही पेटी वरदान आहे. मात्र पेटी ऐकत मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याला खुंटी पिळून, मणके सरकवून, दोरा लावून तंबोरा जुळवता येत नाही, अशी तक्रार बुजुर्ग गवई करतात. जुळवणाराच उरला नाही तर घडवणाऱ्याकडे जाणार कोण?

म्हणून तुंबरू की तंबूर या वादात घालवला जाणारा वेळ थोडा दुसरीकडे लावण्याजोगा आहे. संगीत विद्यालयांनी परीक्षेच्या अभ्यासक्रमात तंबोरा प्रत्यक्ष जुळवण्याचे गुण ठेवावेत, आणि ते तोंडी परीक्षेतल्या दोन प्रश्नांवर निभावून नेऊ नयेत. पाठ्यपुस्तकाने अमीर खुसरोचे वाक्य काढून त्या जागी फरीदसाहेब शिकलगारांचे नाव घालावे. महोत्सवाच्या आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत, ध्वनिव्यवस्थेवाल्याचे नाव छापतात त्याच ओळीत, वाद्य कुणाच्या हातचे तेही छापावे. त्यासाठी शासनाकडे अर्ज करावा लागत नाही की निधी मागावा लागत नाही. तंबोऱ्याच्या मालकाला एकदा विचारावे लागते.

मोठ्या महोत्सवांच्या दिवसांत मिरजेचे कारागीर पुण्या-मुंबईत फेऱ्या करतात. कुणाची जवारी बसलेली असते, कुणाची खुंटी निसटत असते. रंगमंचाच्या मागे, गायक कपडे बदलत असताना, एक माणूस घोडी काढून कानसीने चार हात फिरवतो, तार पुन्हा चढवतो, दोरा सरकवतो आणि वाद्य शिष्याच्या हाती देतो. पडदा उघडण्याआधी निवेदकाने त्याच्याकडे जाऊन नाव विचारून घ्यावे. आडनाव सतारमेकर निघाले तर उच्चाराचीही अडचण येणार नाही.